किल्ल्याखालचा उतार

उगमाचं टप्पाघर,
दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार फक्त तुला. बाबांना केला नाही म्हणून सांग, म्हणजे त्यांना कळेल की मी अजून रागावलेलो आहे.

मी सुखरूप आहे. काल पहाटे दुकानाचं कुलूप काढलं, भिंतीवरून ती हिरवी लांब पल्ल्याची सायकल उतरवली आणि बसच्या टपावर टाकून इथे नदीच्या उगमापाशी आलो. चोरी म्हणायची असेल तर म्हणा. सहा महिने ती तिथे टांगलेली आहे, मालक फिरकत नाही, आणि पुढचं चाक दाराकडे तोंड करून होतं. म्हणजे काम झालेली. आपल्या दुकानाचा एवढा कायदा मला पाठ आहे, कॉलेजचे नसतील झाले.

कॉलेज सोडलं ते सोडलं. बाबा म्हणाले, की पोरीपायी तिसऱ्या वर्षात पुस्तकं टाकणारा पोरगा त्यांनी जन्मात पाहिला नाही. मी म्हणालो, की मग आता पाहा. पुढे काय झालं ते तू स्वयंपाकघरातून ऐकलंच आहेस, पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे तुला मधे पडता आलं नाही एवढंच. (त्या प्लास्टरवर मी काढलेलं चित्र खोडू नकोस.)

आता बेत ऐक. ही नदीकाठची वाट उगमापासून समुद्रापर्यंत जाते, तेरा टप्पे. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी जुनंपुराणं आहे आणि शेजारी टप्पाघर. तिथे झोपायला खाट, कार्डावर शिक्का, आणि वाटेवरच्यांची पत्रं ठेवायला भिंतीत खण. फोन मात्र कुठेच नाही. इथे उगमावर एक दगडी कुंड आहे, त्याच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध अशा झिजल्यात की पाणी भरलेल्या पेल्यासारख्या दिसतात. मी अर्धा तास बसून त्यांच्याकडे पाहत होतो. तिने पाहिल्या असत्या तर लगेच हात फिरवून दगडाची जात सांगितली असती.

ती तेराव्या टप्प्यावर आहे. सत्तावीस कमानींचा पूल दुरुस्त करताहेत. वीस तारखेला त्यांची सगळी टोळी दुसऱ्या कामावर जाणार, कुठे ते अजून ठरलेलं नाही. त्याआधी मला पोहोचायचंय आणि तोंडावर विचारायचंय. पत्रांनी झालं नाही. एकतीस लिहिली, ताई.

सगळे नवव्या टप्प्याबद्दल बोलतात. नदी तिथे दरीत पडते आणि वाट किल्ल्याच्या दारातून नऊ किलोमीटर सरळ खाली. मी ठरवलंय, दारापासून तळापर्यंत ब्रेकला बोट लावायचं नाही.

सायकल झकास आहे. फक्त पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खाली कुठेतरी टिक् असं वाजतं. एकदाच. मला तर वाटतं ती दगडावर हातोडी टेकवते तेव्हा असंच वाजतं.

सहा तारखेला पाणचक्कीच्या टप्पाघरी असेन, चौथा टप्पा. तिथे लिही. तू जिथे कामाला जातेस त्या दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, भडकू गावात नाही, तुमच्या कानांना विश्रांती मिळाली ना?

बाकी माया आहे तेवढी पुरे, वाढवलीस तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
भडकू

~

घर,
दि. ४ एप्रिल

चि. भडकूस,
अ. उ. आ. हे पत्र जिथे उभा असशील तिथेच वाच, आणि वाचेपर्यंत सायकलवर बसू नकोस. वाचल्यावर तर नाहीच नाही.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या नमस्काराच्या ओळीवर ते गालात हसले. कुंडाच्या पायऱ्यांचं नीट ऐकलं. हिरवी सायकल म्हटल्यावर त्यांच्या हातातला पाना थांबला, आणि टिक् वाजतं म्हटल्यावर त्यांनी तो खाली ठेवला. मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदाही.

तू मोठा घोळ घातलास रे, पण तुझी पुरती चूक नाही. चाक दाराकडे म्हणजे काम झालं, हे तुझ्या वेळचं. तू वसतिगृहावर गेलास आणि दोनच महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचं कपाळ हँडलवर आपटलं. येणारा-जाणारा तयार सायकलींपाशीच घुटमळतो, म्हणून बाबांनी त्या भिंतीकडे तोंड करून टांगायला सुरुवात केली. नादुरुस्त आहेत त्या आता दाराकडे. सगळं उलटं. तुला सांगायचं राहून गेलं, कारण सुट्टीत तू आलास की तुम्ही दोघं भांडता तरी किंवा बोलत तरी नाही.

त्या हिरव्या सायकलीच्या पुढच्या चिमट्याला, ज्यात चाक बसतं त्या, मानेपाशी तडा आहे. रंगाच्या खाली आहे म्हणून दिसत नाही. बाबांनी मालकाला सांगितलं होतं, की यावर पोराला शाळेतसुद्धा पाठवू नका, म्हणून तो ती न्यायला परत आलाच नाही. सपाट रस्त्यावर चिमटा महिनाभरही टिकेल म्हणतात. उतारावर, पुढचा ब्रेक दाबला की काय होईल, असं मी विचारलं तर ते उठून चप्पल शोधायला लागले.

दुकान बंद केलंय. ऐकलंस? बाबांनी दुकान बंद केलंय. नवा चिमटा पोत्यात गुंडाळून ते उद्याच्या पहिल्या बसने पाणचक्कीला येताहेत. तू तिथेच थांब. भांड, पाय आपट, जमिनीवर लोळ, पण थांब.

माझा जीव तुझ्याच वाटेवर आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

~

जुना नावघाट,
दि. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं नाही, कारण मी घ्यायलाच गेलो नाही. रागावू नकोस, कारण ऐक.

तिसऱ्या टप्प्यावर एक पडका टोलनाका आहे, राजेलोकांच्या काळातला. दारावर अजून वजनाचा दगड लोंबतोय. तिथल्या टप्पाघराचा राखणदार म्हणाला, की शिक्का मारायचा तर टोलनाक्याची माहितीची पाटी वाचून तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील. मी म्हणालो, की परीक्षा देण्यातून मी नुकताच सुटलोय. तो म्हणाला, की सुटलेले सगळे असेच दिसतात. मग मी कार्ड फाडलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. यापुढे एकाही टप्पाघरात पाय ठेवणार नाही. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने चाललोय, तिकडे वाट कच्ची आहे पण अक्कल शिकवायला कोणी नाही.

पाणचक्की त्यामुळे दुरूनच पाहिली. केवढं चाक आहे ताई! दोन मजली, शेवाळाने हिरवं, आणि फिरताना असं कुंथतं, की पाण्यावरून इथवर ऐकू येतं. काठावर बाकड्यावर एक म्हातारा माणूस मांडीवर पोतं घेऊन बसला होता. बाबांसारखाच वाकून बसतो. मला उगीच घर आठवलं, म्हणून जोरात पायडल मारलं.

नावघाटावर आता नावा नाहीत, पण दोर बांधायचे दगडी खांब आहेत आणि प्रत्येकावर दोराने कापलेल्या बोटभर खोल खाचा. एका नावाड्याच्या विधवेने व्हरांड्यात झोपायला जागा दिली आणि पत्राला तिकीटही तिनेच लावलं.

आवाज आता टिक् राहिलेला नाही, कर्र असा येतो. वंगण लागेल बहुतेक. किल्ल्याच्या अलीकडे नदी पुन्हा ओलांडून दहा तारखेला सकाळी वर पोहोचतो. मग तो उतार. नंतर चार टप्पे आणि ती.

बाबा दुकानात असतील. त्यांनी विचारलं तर सांग, बरा आहे. नाही विचारलं तरी सांग.

लोभ पाठवून देतो आहे, पोचपावती नको.

भडकू

~

घर,
दि. ८ एप्रिल

पुलावर काम करणाऱ्या मुलीस,
स. न. वि. वि. आपली ओळख नाही. मी भडकूची थोरली बहीण. तुझा उल्लेख आमच्या घरात मी कायम दगडवाली असा करत आले आणि तोही फार प्रेमाने नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मागायला मोकळी.

त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडायला आलाय. त्याला ते माहीत नाही. आमचे बाबा नवा चिमटा घेऊन पाणचक्कीला गेले, आणि हा गाढव पलीकडच्या काठाने त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. त्याने त्यांना पाहिलं, आणि ‘ताई, बाबांसारखा कोणी बसलाय’ असं मला लिहिलं! ते पत्र आज हातात पडलं तेव्हा कुबड्या टेकत कामावर गेले होते, तिथल्या दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर बसूनच राहिले. पेशंटला वाटलं, दात माझाच दुखतोय.

बाबा अजून तिथेच बसलेत, त्यांना पत्र मिळेपर्यंतच दहा तारीख उजाडेल, ते वेळेत पोहोचणार नाहीत. माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. टप्पाघरांत हा जातच नाही, तेव्हा तिथे निरोप ठेवून उपयोग नाही. तुझ्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या बसचा ड्रायव्हर हे पत्र सकाळी स्वतः पुलावर आणून देणार आहे, तशी मी त्याला शपथ घातलीय. पुलापासून किल्ला साठ किलोमीटर. दहा तारखेच्या सकाळी तू किल्ल्याच्या दारात असायला हवंस. तो उतार लागायच्या आत.

दोन गोष्टी. त्याला काही समजावू नकोस. समजावलं की तो नेमकं उलटं करतो, मी एकवीस वर्षं पाहतेय. आधी सायकल धर, मग बोल. दुसरं, तुला पाहिल्यावर तो समजेल, की तू त्याच्यासाठी आलीस. समजू दे. सायकलवरून उतरेपर्यंत त्याला काय हवं ते समजू दे. त्याचं पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी एका शब्दाने पडणार नाही.

तू नाही जाऊ शकलीस तर मला काहीच उपाय नाही. म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझ्याकडे लोभ मागायचा अजून हक्क नाही, तरी मागते.

भडकूची ताई

~

दरीच्या तळाचं टप्पाघर,
दि. १० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. म्हणजे खरंच डोकं टेकवून. मी जिवंत आहे. हे पहिलं वाक्य तिने लिहायला लावलं. दुसरं माझं: तू जगातली सगळ्यांत भयंकर बहीण आहेस आणि तुझ्यासारखी दुसरी मला नको.

सकाळी नऊच्या सुमारास किल्ल्याशी पोहोचलो. बाहेर दोन बुरूज, मधे एवढं मोठं दार, की हत्तीवर माणूस बसला तरी वाकायला नको. दाराच्या पलीकडे एकदम आकाश. रस्ता कुठे जातो तेच दिसत नाही, इतका खाली वळतो. मी दारात थांबलो, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, मनात एकदोनतीन म्हटलं, आणि वर पाहतो तर पहारेकऱ्यांच्या ओट्यावरून ती उतरतेय. अंगावर कामाचे कपडे, केसांत चुना. दुधाच्या ट्रकमधून आली होती.

काय सांगू ताई. मी हात पसरले. एकतीस पत्रांचं उत्तर साठ किलोमीटर चालून आलं असं मला वाटलं. ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या पसरलेल्या हाताच्या खालून वाकून गेली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. मला म्हणाली, की उतर. असं म्हणाली, की बाबांच्याही तोंडून तसं ऐकलं नव्हतं. मी उतरलो.

तिने सायकल उलटी केली. मी विचारत होतो, की काय झालं, कुणी सांगितलं, तू कशी आलीस. तिने कमरेची हातोडी काढली आणि दांड्याने चिमट्यावर टकटक करत वर गेली. दगड आतून फुटका आहे का, ते ती असंच ऐकते. खालून वर आवाज खणखणीत येत होता. मानेपाशी ठप्प. मलासुद्धा कळलं, ताई. मेकॅनिकचा मुलगा असून मला ते एका पाथरवटिणीने ऐकवलं. मग तिने नखाने रंगाची खपली काढली. केसाएवढी काळी रेघ, अर्ध्याहून जास्त मान फिरून गेलेली.

त्यानंतर तिने मला तुझं पत्र वाचायला दिलं. बाबा त्या बाकावर. ते बाबाच होते. त्या वेळी माझी जी अवस्था झाली ती लिहीत नाही.

उतार आम्ही चालत उतरलो, सायकल मधे धरून. नऊ किलोमीटरला चार तास लागले. वाटेत जुने मैलाचे दगड आहेत, तिने एकेक थांबून पाहिला. तिसऱ्या वळणावर कठडा नाही, फक्त त्याचा पाया शिल्लक आहे, आणि तिथून नदी इतकी खाली दिसते, की तिचा आवाजच येत नाही. ब्रेक तिथेच दाबावा लागला असता. लावणार नाही म्हणत होतो तरी दाबलाच असता, मला माहीत आहे. मी गटारावर बसून थोडं पाणी प्यायलो. तिने तोवर मैलाचा दगड बघायचं सोंग केलं.

मग मी विचारलंच. म्हटलं, इथवर आलोय तर. ती म्हणाली, की एकतीसातली अकरा पत्रं तिने उघडलेली नाहीत, कारण पाकिटावरूनच ओरडल्याचं ऐकू येतं. मी तिला आवडतो, पण तिच्यासाठी कॉलेज सोडलं असं मी गावभर सांगत असेन, तर ते ओझं ती उचलणार नाही, तिला रोज दगड पुरेसे आहेत. मी भडकणार होतो. तोंड उघडलंही. पण आदल्या तासाभरात जिने आपला जीव वाचवला तिच्यावर भडकणं जमत नाही, करून पाहा. मग खरं ते सांगितलं, की ती कॉलेजच्या आवारात मनोऱ्यावर काम करायला आली त्याच्या आधीपासूनच मी वर्गात बसून खिडकीबाहेर बघत होतो. ती फक्त खिडकीत आली. यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, की हे पत्रात लिहिलं असतंस तर उघडलं असतं.

इथे तळाच्या टप्पाघरी पोहोचलो तर आणखी गंमत. खाटेवर तीन सायकलवाले बसलेले. मला पाहिल्याबरोबर एकाने विचारलं, की तू हिरव्या सायकलचा मुलगा का? बाबा पाच तारखेपासून पाणचक्कीपाशी बसलेत. येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला थांबवतात, ब्रेक घट्ट करून देतात, चेन साफ करतात, आणि माझ्याबद्दल विचारतात. या तिघांच्याही सायकली त्यांनी दुरुस्त केल्यात. एकाने तर मला दाखवलं, की तीन वर्षं वाजणारं चाक आता कसं गप्प फिरतं. अख्खी नदी मला शोधत होती आणि मी पलीकडच्या काठाने चाललो होतो.

बाबांना लगेच पोस्टकार्ड टाकलं. फार सुचलं नाही. एवढंच लिहिलं: पुलावरच्या मुलीने हातोडीने तडा ऐकला. उतरलो. चालत. दोन्ही हातपाय जागेवर.

ती दुपारच्या ट्रकने परत गेली. सोळा तारखेला सुट्टी आहे, येते म्हणाली.

तुझ्या पायाला माझा वेगळा नमस्कार.

भडकू

~

पाणचक्कीचं टप्पाघर,
दि. १२ एप्रिल

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर ताईला दाखवू नकोस.

कार्ड मिळालं. वाचून झाल्यावर इथल्या राखणदाराला वाचायला दिलं, मग त्याच्या बायकोला. तिने मला जेवायला बसवलं. इतक्या दिवसांत मी काय जेवलो ते मला आठवत नाही.

इथल्या खणात ताईने तुला लिहिलेलं पत्र बंदच होतं. मी रोज सकाळी उठून बघायचो, ते गेलं का. जात नव्हतं. एवढंच.

सायकली उलट्या टांगायचा निर्णय माझा. तुला कळवायला हवं होतं. दुकानात कायदा बदलला तर दुकानातल्या माणसाला सांगायचा असतो. तू दुकानातला नाहीस असं मी कधी मनात धरलं, ते मला आठवत नाही, पण धरलं असणार. ती माझी चूक.

नवा चिमटा आज निघालेल्या एका मास्तरांच्या सायकलला बांधून देतोय. माणूस सावकाश चालवतो, पण पोहोचतो. सोबत पुडीत बेअरिंगचे नवे छर्रे आहेत, जुने घालू नकोस. जुना चिमटा काढताना खाली हात धर. छर्रे बसतात ती वाटी साफ पुसून मगच वंगण लाव. वरचा बोल्ट हँडल डगडगणार नाही आणि जडही होणार नाही इतपतच पिळ, तुझी सवय जास्त पिळायची. बसवल्यावर आधी सपाट रस्त्यावर हळू चालव, कोणीतरी समोर उभं असताना.

मग मला लिही. इथेच लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मी थांबतो. तसंही पाणचक्कीच्या चाकाचा कणा कुंथतोय, राखणदार म्हणाले, बघता का. बघतोय.

त्या मुलीला माझा नमस्कार सांग. तिची हातोडी कसल्या लाकडाची आहे ते विचार.

बाबा

~

दरीच्या तळाचं टप्पाघर,
दि. १६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. मास्तर काल संध्याकाळी पोहोचले. चिमट्याला ओरखडासुद्धा नाही. सहा दिवस इथे थांबलो त्यात एकाही माणसाशी भांडलो नाही, हे टप्पाघराचा राखणदार लिहून द्यायला तयार आहे.

आज सकाळी ती आली तेव्हा मी जुना चिमटा काढायला घेतला. तुम्ही लिहिल्याप्रमाणे खाली हात धरला होता. नट सोडवला, हँडल वर ओढलं, आणि चिमटा माझ्या हातात दोन तुकडे होऊन आला. जोर लावला नव्हता बाबा. मी ते दोन तुकडे घेऊन बसून राहिलो. ती शेजारी बसली. तिने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, की आता हे फेकून दे. मी नदीत फेकणार होतो, तर म्हणाली, नदीत नाही, भंगारात.

वाटी पुसली. वंगण लावलं. छर्रे एकेक करून बसवले, एक माझ्या हातून निसटून खाटेखाली गेला, तो तिने शोधला. वरचा बोल्ट तुम्ही म्हणता तितपतच पिळला. दोनदा जास्त पिळला होता, दोनदा सैल केला. हातोडीचं विचारलं. म्हणाली, तिच्या गुरूची आहे, त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्याकडेही ती दुसऱ्याकडूनच आली.

वीस तारखेला त्यांची टोळी निघते, उत्तरेला एका जुन्या धरणाच्या भिंतीवर काम आहे. मी मागे जाणार नाही, तिनेही ये म्हटलं नाही. पत्र लिही म्हणाली, महिन्यातून एक, हळू आवाजात. ऐकून मला कधी वाईट वाटतं याची मी वाट पाहत होतो. वाटलं नाही. फार मोकळं वाटलं. उरलेले चार टप्पे तिच्यासोबत पुलापर्यंत जातो, तिने टोळीतल्या एकाची सायकल मागून आणलीय. मग बसने परत पाणचक्कीला येतो. तुम्ही थांबा. त्या चाकाचा कणा मला बघायचाय. कॉलेजचं काय ते तिथे बसून बोलू, तुम्ही आधी बोला, मी ऐकतो. ताईला सांगू नका, तिचा विश्वास बसणार नाही.

तुम्ही सांगितलं तसं सपाट रस्त्यावर हळू चालवली. चिमटा अगदी सरळ बसलाय. कसं कळलं म्हणाल तर, रागावू नका, दोन्ही हात सोडून पाहिलं. जरासुद्धा डावी-उजवी झाली नाही. आणि फार सावकाश होतो, बाबा, आणि एकटा नव्हतो. ती सबंध वेळ शेजारून पळत होती, पडलो तर धरायला.

येतोच आहे, तोवर लोभ तिथेच बाकावर राहू द्यावा.

आपला,
भडकू